काचेत न गोठणारं रक्त : भुसावळचं एक प्रकरण

भुसावळहून सर्जनचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. मे महिना, बाहेर ४४ अंश. "उद्या सकाळचं पित्ताशयाचं ऑपरेशन रद्द केलंय," ते म्हणाले. "बाईंचं रक्त गोठतच नाहीये. सॅम्पल पाठवतोय, पीटी आणि एपीटीटी दोन्ही कर." रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्या या दोन चाचण्या.

बाई ५४ वर्षांच्या. माहेर पारोळ्याकडचं, सासर अमळनेर तालुक्यातलं. नवरा रेल्वेत ट्रॅकमन म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला, म्हणून संसार सगळा भुसावळात. पित्ताशयात खडे, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ, सोनोग्राफी झालेली, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलेलं. (ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) ऑपरेशनआधीच्या तपासण्यांच्या चिठ्ठीवर सर्जनने नेहमीप्रमाणे 'बीटी-सीटी' लिहिलं होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

बीटी-सीटी कशी करतात ते बघण्यासारखं आहे. बीटी म्हणजे रक्त थांबायला लागणारा वेळ. कानाच्या पाळीला किंवा बोटाला टोचायचं, दर अर्ध्या मिनिटाने टिपकागदाने थेंब टिपायचा, डाग पडायचा थांबला की घड्याळ बघायचं. तो बाईंचा अडीच मिनिटं आला, म्हणजे ठणठणीत. सीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ. त्यासाठी बोटाचं रक्त काचेच्या बारीक केशनळीत ओढून घेतात आणि दर अर्ध्या मिनिटाने नळीचा एक तुकडा मोडून दोन्ही टोकं हळूच लांब करतात. रक्त गोठायला लागलं असेल तर दोन तुकड्यांच्या मध्ये केसासारखा लाल धागा ताणला जातो. तो फायब्रिनचा, म्हणजे गुठळी ज्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणली जाते त्याचा. बहुतेकांमध्ये तो सात-आठ मिनिटांच्या आत दिसतो. बाईंच्या वेळी तिथला टेक्निशियन नळी मोडत राहिला आणि बारा मिनिटांत नळी संपली, धागा काही दिसला नाही. दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं, तेच. त्याने कागदावर '१२ मिनिटांपेक्षा जास्त' लिहिलं आणि घाबरून सर्जनना हाक मारली.

खरं सांगायचं तर ही केशनळीची पद्धत फारशी भरवशाची नाही. बोट दाबलं की रक्तात पेशींचा रस मिसळतो, खोलीचं तापमान मे आणि डिसेंबरमध्ये सारखं नसतं, आणि धागा दिसला की नाही हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर. सौम्य हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराचा, रुग्ण यातून सहज पास होऊन जातो. तरी आमच्याकडच्या चिठ्ठ्यांवर बीटी-सीटी अजून लिहिलं जातं, जसं लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' लिहितात तसं. या वेळी मात्र या म्हाताऱ्या चाचणीने काहीतरी खरं पकडलं होतं. काय पकडलं, हे कळायला आम्हाला दोन आठवडे लागले.

जळगावातल्या माझ्या लॅबमधले आकडे असे आले. पीटी १३.४ सेकंद, कंट्रोल म्हणजे निरोगी रक्ताचा १३. आयएनआर, म्हणजे त्या दोघांचं गुणोत्तर, १.०३. एपीटीटी ११२ सेकंद, कंट्रोल २९. प्लेटलेट २ लाख ६४ हजार.

एकशे बारा! एवढा आकडा मी हिमोफिलियाच्या पोरांमध्ये पाहिलाय, नाहीतर हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, ड्रिप चालू असताना. संध्याकाळी रिपोर्ट पाठवला आणि खाली नेहमीचं वाक्य टाकलं : 'रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे.' हे वाक्य आम्ही पॅथॉलॉजिस्ट अंग काढून घ्यायला वापरतो. त्याचा परिणाम असा झाला, की सर्जनने आकडा पाहिला, बाईंचं वजन ७८ किलो धरून हिशोब केला आणि बर्फासारख्या गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरणाऱ्या द्रवाच्या, चार पिशव्या लिहून दिल्या. साडेसातला बाईंचा मुलगा रक्तपेढीच्या काउंटरवर उभा होता. मला हे कळलं ते रक्तपेढीतल्या ओळखीच्या माणसाने सहज विचारलं म्हणून. मी लगेच फोन करून थांबवलं. "उद्या ऑपरेशन नाहीच आहे ना? मग पिशव्या राखून ठेवा, चढवू नका. बाईंना सकाळी माझ्याकडे पाठवा."

त्या रात्री मी काय विचार करत होतो ते सांगायचं तर आधी या दोन चाचण्या मोजतात तरी काय, ते सांगावं लागेल.

दोन्हींची सुरुवात एकच. निळ्या झाकणाच्या नळीत ०.३ मिली सोडियम सायट्रेट असतं, त्यात २.७ मिली रक्त घ्यायचं. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची गाडी पुढे सरकत नाही. मग नळी फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा काढून घ्यायचा. इथून पुढे दोन वाटा फुटतात.

पीटीमध्ये प्लाझ्मात थ्रॉम्बोप्लास्टिन टाकतात. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये ही चाचणी बसवली तेव्हा ते सशाच्या मेंदूपासून काढलेलं होतं. त्यातला कामाचा पदार्थ म्हणजे टिश्यू फॅक्टर. आपल्या रक्तवाहिन्यांच्या बाहेरच्या पेशींवर तो असतो. विळ्याने बोट कापलं की रक्ताची गाठ पहिल्यांदा त्याच्याशी पडते. म्हणजे पीटी ही जखमेची नक्कल आहे. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना आम्ही घटक म्हणतो आणि क्रमांकाने ओळखतो. टिश्यू फॅक्टर सातव्या घटकाला धरतो, तिथून दहावा, पाचवा, दुसरा म्हणजे प्रोथ्रॉम्बिन, त्याचं थ्रॉम्बिन, आणि शेवटी थ्रॉम्बिनच्या हातून फायब्रिनोजेनचं फायब्रिन. तेरा सेकंदांत काम फत्ते.

एपीटीटीमध्ये टिश्यू फॅक्टर नसतोच. त्याऐवजी फॉस्फोलिपिड म्हणजे स्निग्ध द्रव्य, आणि एक पूड किंवा आम्ल : केओलिन, सिलिका किंवा एलॅजिक अ‍ॅसिड. केओलिन म्हणजे चिनी मातीची भांडी करतात ती पांढरी माती, सिलिका म्हणजे काचेचीच भावंड. प्रॉक्टर आणि रॅपापोर्ट यांनी १९६१ मध्ये केओलिन घालून ही चाचणी आजच्या रूपात आणली. प्लाझ्मा ०.१ मिली, हे मिश्रण ०.१ मिली, ३७ अंशांवर तीन मिनिटं ठेवायचं, मग ०.१ मिली कॅल्शियम क्लोराइड टाकून घड्याळ सुरू. त्या तीन मिनिटांत बारावा घटक पुडीच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि जागा होतो. प्रीकॅलिक्रिन आणि मोठ्या वजनाचं कायनिनोजेन हे त्याचे दोन साथीदार त्याला हातभार लावतात. तो अकराव्याला उठवतो, अकरावा नवव्याला, नववा आठव्याच्या मदतीने दहाव्याला. दहाव्यापासून पुढचा रस्ता पीटीचाच.

पीटी बरोबर आणि एपीटीटी लांबलेलं, याचा अर्थ दहाव्यापासून फायब्रिनपर्यंतचा रस्ता साफ आहे. अडचण त्याआधी : आठवा, नववा, अकरावा, बारावा, किंवा ते दोन साथीदार. नाहीतर रक्तात कुणीतरी खो घालणारं आहे. ते हेपरिन असेल, आठव्या घटकाविरुद्धची अँटिबॉडी असेल किंवा लूपस अँटिकोअ‍ॅग्युलंट असेल. या शेवटच्याच्या नावात 'गोठू न देणारं' असं आहे आणि माणसाच्या शरीरात ते उलट गुठळ्या करतं. नावावर जाऊ नये म्हणतात ते इथे अगदी खरं.

या यादीतल्या काही कारणांत ऑपरेशन टेबलावर रक्ताचं थारोळं होऊ शकतं, तर काहींत थेंबही जास्त जात नाही. एपीटीटीचा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच दिसतो.

एवढा आकडा आला की पहिला संशय रुग्णावर घ्यायचा नाही, नळीवर घ्यायचा. मी कचऱ्याच्या डब्यातून ती नळी शोधून काढली. रेघेपर्यंत भरलेली होती. अर्धी भरली असती तर सायट्रेट जास्त, रक्त कमी, आणि आकडा खोटाच लांबला असता. फार घट्ट रक्तातही, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ५५ टक्क्यांच्या वर गेला की, हेच होतं, कारण नळीत प्लाझ्माच कमी येतो. बाईंचा ३६ होता. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं इडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं दुसरं रसायन) चुकून यात आलं असतं तर पीटीही बिघडला असता. सलाइनच्या सुईतून रक्त ओढलं आणि त्या सुईत हेपरिन होतं, असंही होतं. थ्रॉम्बिन टाइम केला, म्हणजे प्लाझ्मात थेट थ्रॉम्बिन टाकून बघितलं. हेपरिन असेल तर हा आकडा लांबतो. १६ सेकंद, म्हणजे नॉर्मल. हेपरिन नाही.

राहिलं ऊन. भुसावळहून जळगावपर्यंत नळी पोराच्या मोटारसायकलच्या डिकीत आली होती. मे महिन्यात त्या डिकीत पापड भाजता येतील. उष्णतेने पाचवा आणि आठवा घटक लवकर मरतो. पण पाचवा मेला असता तर पीटीवर त्याची सावली पडली असती. आणि आठवा कितीही मेला तरी तासाभरात ११२? पटेना. तरी ताजं रक्त माझ्या हाताने काढल्याशिवाय झोप येणार नव्हती.

सकाळी बाई आल्या. सोबत नवरा. पांढरा सदरा, खिशात चष्म्याचं घर. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही नानाच म्हणू लागलो. बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "डॉक्टरसाहेब, मन्हं रगत पानी व्हयी गयं का?"

आपल्याकडे 'रक्त पातळ' हा शब्द फार घोटाळा करतो. रक्त कमी असलं की पातळ, अ‍ॅस्पिरिन घेतली की पातळ, गोठायला वेळ लागला की पातळ. तिन्ही वेगळ्या गोष्टी, आणि यातल्या कशातही रक्त दुधात पाणी घातल्यासारखं पातळ होत नाही. मी म्हटलं, "ताई, पाणी नाही झालं. आधी मला सांगा, आजवर कुठे कुठे लागलं तुम्हाला?"

हा प्रश्न म्हणजे रक्त गोठण्याची सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात चांगली चाचणी. फुकट आहे, आणि नळीत नाही, माणसात होते. बाई सांगत गेल्या. कान-नाक लहानपणी टोचलेलं. कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण. तीन बाळंतपणं, त्यातली दोन माहेरी घरीच. "तव्हय कोनी रगत मोजं?" असं म्हणून त्या हसल्या. तेव्हा कोण बसलं होतं रक्त मोजायला! तिसऱ्यानंतर कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन, शिबिरात. चाळिशीत एक दाढ उपटलेली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी भाकरी थापल्या. पाळी कधी फार गेली नाही. लग्नाआधी कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी हात ओरबाडले जायचे, "तेवढं तर चालतच राहतं." डाव्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती. मी ती दाबून बघितली. नखाएवढी लांब, स्वच्छ, पांढरी, बारीक. ज्याच्या जखमा नीट भरत नाहीत त्याची खूण अशी नसते.

म्हणजे या बाई अर्धा डझन ऑपरेशनं करून बसल्या होत्या, फक्त त्यांच्यावर 'ऑपरेशन' अशी पाटी नव्हती. आठवा किंवा नववा घटक एवढा कमी असता तर दाढ उपटल्यावर तरी बोंब झाली असती. अकराव्याबद्दल मात्र छातीठोक सांगता येत नाही. तो कमी असलेली माणसं कधी रक्त घालवतात, कधी नाही, आणि आकड्यावरून अंदाज बांधता येत नाही.

मग मी आणखी एक प्रश्न विचारला. आईवडिलांचं नातं काय होतं? "मामानी पोर." बाईंच्या वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केली होती. आमच्याकडे हे नवीन नाही. पण असं नातं असलं, की आईवडील दोघांकडून एकच बिघडलेलं जनुक एका लेकराच्या वाट्याला येण्याची शक्यता वाढते.

ताजं रक्त काढलं. एपीटीटी ११४.

मशीनवर माझा विश्वास आहे, पण अशा वेळी मी एकदा हाताने करतो. ३७ अंशांच्या पाण्यात काचेची छोटी नळी, कॅल्शियम टाकलं की घड्याळ, आणि दर थोड्या वेळाने नळी पाण्याबाहेर काढून दिव्यासमोर तिरकी करायची. कंट्रोलच्या नळीत तिसाव्या सेकंदाच्या आसपास पाण्यासारखं हलणारं द्रव एकदम जेलीसारखं अडतं. त्याआधीच्या सेकंदाला काही नसतं. बाईंची नळी मी तिरकी करत राहिलो, करत राहिलो. साठ. नव्वद. शंभर. मग एक धागा, मग दोन, मग सगळं थांबलं. गुठळी व्हायची ती झालीच, आणि चांगली टणक झाली. उशीर होता तो फक्त सुरुवातीला.

आता मिश्रण चाचणी. बाईंचा अर्धा प्लाझ्मा आणि निरोगी माणसांचा अर्धा. निरोगी माणसं म्हणजे लॅबमधले आम्ही चौघं आणि शेजारच्या मेडिकलमधला पोरगा. पुस्तकात वीस जणांचा लिहिलेला असतो, पण आमच्या बोळात वीस निरोगी माणसं सापडायची कुठे! मिश्रणाचं एपीटीटी आलं ३३ सेकंद. तेच मिश्रण दोन तास ३७ अंशांवर ठेवून परत केलं : ३५. याचा अर्थ सरळ आहे. बाईंच्या रक्तात काहीतरी कमी आहे, आणि दुसऱ्याचा निम्मा वाटा मिळाला की भागतं. खो घालणारं कुणी असतं तर त्याने आमच्या चांगल्या प्लाझ्मालाही धरलं असतं. काही अँटिबॉडी लगेच धरत नाहीत, दोन तासांनी धरतात, म्हणून ती दुसरी खेप.

आणखी एक सोपी युक्ती करून बघितली. तीन मिनिटांऐवजी पुडीसोबत पंधरा मिनिटं ठेवलं. प्रीकॅलिक्रिन कमी असेल तर एवढ्या वेळात बारावा घटक आपला आपण जागा होतो आणि आकडा खाली येतो. माझ्याकडचं मिश्रण सिलिकाचं, त्यात हे चालतं. एलॅजिक अ‍ॅसिडच्या मिश्रणावर हे पारखायला जाऊ नये. बाईंचं १०९. हललं नाही.

मी सर्जनना फोन केला. "माझा पैसा बाराव्यावर आहे."

"पैसा लावून ऑपरेशन होत नाही रे," ते म्हणाले. "भूल देणारे डॉक्टर तयार नाहीत. त्यांना कागद हवा." रास्त होतं. अकराव्याची शंका माझ्याही मनात होतीच.

एकेका घटकाचं प्रमाण मोजायची सोय माझ्याकडे नाही. सॅम्पल मुंबईला पाठवायचं तर प्लाझ्मा दोनदा फिरवून, प्लेटलेट काढून, गोठवून, सुक्या बर्फात ठेवून न्यावा लागतो. वाटेत एकदा वितळला की मग येणारा आकडा कशाचा, ते देवालाच माहीत. मी हे सगळं नानांना समजावत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "रगत कशाले धाडता? मानूसच लई जातो. पास शे ना." निवृत्त रेल्वेवाल्याला पास असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोघं रात्रीच्या गाडीने बसले, सकाळी मुंबईत रक्त दिलं, आणि दुसऱ्या दिवशी भुसावळात परत. सुक्या बर्फाचा खर्च वाचला.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. आठवा घटक ११८ टक्के, नववा १०५, अकरावा ९२. बारावा एक टक्क्यापेक्षा कमी. व्हॉन विलेब्रँड, म्हणजे आठव्याला सांभाळणारं प्रथिन, नॉर्मल.

बाराव्या घटकाशिवाय माणूस कसा काय चालतो? कारण तो लागतो काचेला. जखमेत टिश्यू फॅक्टर आणि सातवा मिळून दहाव्यालाही उठवतात आणि नवव्यालाही. थोडं थ्रॉम्बिन तयार झालं की ते मागे वळून अकराव्याला उठवतं. बाराव्याची गरजच पडत नाही. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून केओलिन लावलेलं नसतं. देवमासे आणि डॉल्फिन यांच्या रक्तात तर बारावा घटक नसतोच, पक्ष्यांमध्येही नाही, आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. एपीटीटीमध्ये आपण गाडी सुरू करायची किल्ली अशी निवडली आहे, की ती प्रयोगशाळेतल्या कुलपाला लागते आणि घरच्या कुलपाला नाही. पुढचा रस्ता खरा, आठवा-नववा खरे, म्हणून हिमोफिलियासाठी ही चाचणी उत्तम. पण दारातच अडकलेला आकडा शरीराबद्दल काही सांगत नाही. आणि पहिल्या दिवशीची ती केशनळी? तीही काचेचीच की. टेक्निशियन वाट बघत होता तो धागा बाईंच्या अंगठ्यात कधीच तयार झाला असता.

चार पिशव्या प्लाझ्मा चढवला असता तर काय झालं असतं? आकडा झकास झाला असता. त्यातून आलेला बारावा घटक दोन-तीन दिवस टिकला असता, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता आणि ऑपरेशन सुखरूप झाल्याचं श्रेय प्लाझ्माला गेलं असतं. बदल्यात बाईंच्या अंगात सुमारे ८०० मिली परकं द्रव. अंगावर पित्त उठणं ही त्यातली साधी गोष्ट, फुप्फुसात पाणी किंवा सूज ही वाईट.

रिपोर्ट घेऊन नाना एकटेच आले होते. त्यांना मी जॉन हेगमनची गोष्ट सांगितली, कारण ती त्यांनाच सांगण्यासारखी होती. अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात हेगमन नावाच्या माणसाची पोटाच्या ऑपरेशनआधी तपासणी झाली आणि काचेच्या नळीत त्याचं रक्त फार उशिरा गोठलं. अंगावर रक्तस्रावाची एक खूण नाही. ऑस्कर रॅटनॉफ आणि कोलोपी यांनी १९५५ मध्ये ते प्रकरण छापलं, आणि बाराव्या घटकाला आजही हेगमन फॅक्टर म्हणतात. हा हेगमन रेल्वेत ब्रेकमन होता.

"म्हणजे आपल्याच लाइनीतला," नाना खूश झाले. मग थोडं थांबून, "तो गेला कशाने?"

हे विचारतील असं वाटलं नव्हतं. सांगावं लागलं. १९६८ मध्ये तो पडला, हाड मोडलं, अंथरुणात राहावं लागलं, आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाऊन गेला. ज्याचं रक्त नळीत गोठत नव्हतं तो गुठळीने गेला. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत.

ही गोष्ट सर्जनलाही सांगावी लागली, जरा वेगळ्या कारणासाठी. ऑपरेशन प्लाझ्माशिवाय करायला ते आता तयार होते, भूल देणारे डॉक्टरही. पण बाईंचं वजन ७८, दोन्ही पायांच्या शिरा फुगलेल्या. अशा रुग्णाला ते नेहमी पायातल्या गुठळ्या टाळायला एनॉक्सापॅरिनचं ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. या खेपेला त्यांनी ते खोडलं होतं. "तिचं एपीटीटी आधीच ११२ आहे, आणखी कशाला?" माझ्या मते या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात धोक्याची चूक हीच झाली असती. प्लाझ्मापेक्षा मोठी. बारावा घटक नसल्याने गुठळ्या वाढतात असं म्हणायला पुरेसा आधार नाही, एकट्या हेगमनवरून तर नाहीच. पण त्या होत नाहीत, असं समजायलाही काही आधार नाही. ११२ हा आकडा बाईंच्या पायांना माहीत नव्हता. इंजेक्शन परत लिहिलं गेलं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पाऊण तासात. सर्जन सांगत होते, रक्त गेलं ते दोन-तीन गॉजपुरतं. संध्याकाळी मी भेटायला गेलो तर वॉर्डच्या बोळात नाना बाईंना चालवत होते, एक हात त्यांच्या कोपराखाली, दुसऱ्या हातात लघवीची पिशवी. "चार चकरा झाल्या," मला बघून म्हणाले. "अजून दोन." आयुष्यभर रुळावर रोजचे किलोमीटर मोजलेला माणूस.

जाताना मी एक कागद लिहून दिला. त्यावर तीन ओळी. बारावा घटक एक टक्क्यापेक्षा कमी, एपीटीटी नेहमी शंभराच्या पुढे येईल, रक्तस्रावाचा धोका नाही. कुठल्याही ऑपरेशनसाठी प्लाझ्मा देऊ नये, गुठळ्या टाळायचे उपाय इतरांसारखेच करावेत. आणि कधी नसेतून हेपरिनचा ड्रिप द्यायची वेळ आली तर एपीटीटीवरून डोस ठरवू नये, कारण तो सुरुवातीलाच लांबलेला आहे. हेपरिनचं काम थेट मोजणारी अँटी-टेन-ए चाचणी वापरावी. ही तिसरी ओळ लिहिताना मला जास्त बरं वाटलं, कारण हार्ट अ‍ॅटॅक येऊन बाई अपरात्री कुठल्या तरी अनोळखी आयसीयूत गेल्या तर तिथे फोन करून विचारायला मी नसणार. नानांनी त्याच दिवशी कागद लॅमिनेट करून आणला.

भावंडं किती, हेही मी विचारून ठेवलं होतं. एक भाऊ, पारोळ्याकडे शेती. त्यालाही हेच असण्याची शक्यता चारात एक. रक्त तपासून घ्या, नाहीतर तेच रामायण परत, एवढं सांगितलं. तो येईल असं काही वाटलं नव्हतं, शेतीवाल्याला दुखल्याशिवाय दवाखाना आठवत नाही.

दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी उरकल्यावर, एक माणूस लॅबच्या काउंटरवर येऊन उभा राहिला. हर्नियाच्या ऑपरेशनची चिठ्ठी, तिच्यावर नेहमीसारखं 'बीटी-सीटी'. टेक्निशियनने बोटाला स्पिरिट लावलं, केशनळी हातात घेतली. त्या माणसाने बोट मागे घेतलं, खिशातून लॅमिनेट केलेल्या कागदाची झेरॉक्स काढून काचेवर ठेवली आणि म्हणाला, "हाई मन्ही बहीननं कार्ड. पहिले हाई वाचा, मंग टोचा."